टाचेचे दोन ठोके

माझी चाल जड आहे हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. मी घरात शिरले की फडताळातले पेले वाजतात, असं माझा धाकटा भाऊ म्हणतो, आणि त्यात फार काही मीठमसाला नाही. आवाजही तसाच. शेजारचं एक मूल रडायचं थांबेना तेव्हा वहिनीने मला आमच्याच खिडकीतून त्याला दम भरायला लावला होता, आणि ते खरंच गप्प झालं. हे सगळं आधीच सांगून टाकते. पुढे जे घडलं त्यात माझ्या पायांचा आणि आवाजाचा वाटा मोठा आहे.

आमच्या वस्तीच्या दवाखान्यात मी लहान मुलांचे कान बघते. लोक मला ‘कानवाली’ म्हणतात. आम्ही इथले मूळचे. रस्ता, शाळा, दवाखाना हे सगळं आमच्यानंतर आलं, आणि मोठं गाव अजूनही गाडीने दीड दिवस लांब आहे. दहा पोरं उभी केली तर सहांचे कान वाहतात. एका खोलीत आठ माणसं, चुलीचा धूर, नळाला दिवसाआड पाणी, एकाची सर्दी सगळ्यांची. ती सर्दी कानाच्या पडद्यामागे साठते, पडदा फुटतो, कान वाहतो, सुकतो, पुन्हा भरतो. आयांना त्याची इतकी सवय झाली होती की बाळाला दात आला हे जसं सांगतात तसं त्या ‘कान फुटला’ म्हणून सांगायच्या. मी त्यांच्यावर खेकसायची. मग टिपकागदाची वात वळायची, कानात हलकेच फिरवायची, ओली झाली की टाकायची, दुसरी घ्यायची, वात कोरडी बाहेर येईपर्यंत. त्यानंतर औषधाचे थेंब. दिवसातून तीनदा हेच. आयांना मी हे रागावून, हसवून, वेळप्रसंगी त्यांच्या दारात ठाण मांडून शिकवलं.

वाहणारा कान डोळ्यांना दिसतो. ऐकू येतं की नाही हे दिसत नाही, त्यासाठी परीक्षा असते. ती शिकायला मला चार आठवडे शहरात पाठवलं होतं. आई मुलाला मांडीवर घेऊन जमिनीवर बसते. समोरून एकीने खेळणं दाखवायचं. मी मुलाच्या पाठीमागे हातभर अंतरावर जायचं, एका बाजूने खुळखुळा हलवायचा, मग दुसऱ्या बाजूला जाऊन हलवायचा, मग कुजबुजायचं. मूल वळलं तर कागदावर बरोबरची खूण. शिकवणाऱ्या बाईंनी माझ्याकडून हे चाळीस वेळा करून घेतलं. मुलाला माझी सावली दिसता कामा नये, माझ्या अंगाला वास येता कामा नये, हातात बांगडी नको, सगळं सांगितलं. ती शिकवणी ज्या खोलीत झाली तिची जमीन सिमेंटची होती. आमचा दवाखाना पुराच्या भीतीने लाकडी खांबांवर उभा आहे आणि त्याची जमीन फळ्यांची आहे. आमची घरंही तशीच. हे बाईंना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण त्याचा परीक्षेशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

माझ्या भावाची मुलगी दीड वर्षाची झाली तेव्हा मी तिची परीक्षा घेतली. डावीकडे खुळखुळा, ती गर्रकन वळली. उजवीकडे, पुन्हा गर्रकन. दवाखान्याच्या मोठ्या सिस्टर समोर खेळणं धरून बसल्या होत्या, त्या हसायला लागल्या. “ही तर भिंगरीच आहे,” म्हणाल्या. तेच नाव पडलं. मी कागदावर खूण केली आणि घरी येऊन सांगितलं की आमची भिंगरी सगळ्यांत तल्लख आहे.

आता आईबद्दल सांगते. माझी आई आयुष्यात कधी ओरडली नाही. आमच्या घरात ओरडायचं खातं माझ्याकडे. आईचा आवाज इतका हळू की बाहेरच्या माणसाला तिच्याकडे वाकावं लागे. आमची जुनी बोली पूर्ण बोलू शकणारी माणसं वस्तीत चारच उरली होती, त्यांतली ती एक. घरातल्या प्रत्येक मुलासाठी तिची वेगळी हाक असे. ते नाव नव्हे. तीन-चार सूर, आमच्या बोलीतला एखादा शब्द, वर जाणारे किंवा खाली उतरणारे. माझी हाक लांब होती आणि शेवटी खाली बसत असे. पन्नाशी आली तरी आईने ती मारली की मी हातातलं टाकून ‘ओ’ देत असे. भिंगरीची हाक तिने भिंगरी पंधरा दिवसांची असताना ठरवली. छोटी होती, शेवटाला वर उडणारी. भिंगरीने तिला कधी ओ दिली नाही.

ती दोन वर्षांची असताना एका दुपारी आई म्हणाली, “हिला ऐकू येत नाही.”

“आई, मी तपासलंय.”

“मी हाक मारते, तर बघतसुद्धा नाही.”

“खेळण्याच्या नादात असते. माझ्या हाकेला कशी धावत येते?”

“तुझ्या हाकेला मेलेलं माणूस उठेल.”

भाऊ हसला, मीही हसले. वहिनीच्या चेहऱ्यावर मात्र काळजी दिसली. “बोलतही नाही अजून काही,” ती म्हणाली.

“आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात,” भाऊ म्हणाला. “ताई तीन वर्षांची होईपर्यंत गप्प होती म्हणे. तेव्हापासून भरपाई चालू आहे.”

विषय तिथे संपायला हवा होता. पण मला राग आला होता. चार आठवडे शहरात राहून शिकून आलेली मी, आणि आई मला सांगणार? मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून तो कागद आणला आणि आईच्या पुढ्यात धरला. “ही बघ खूण. डावा कान. हा उजवा.” आईला वाचता येत नव्हतं. तिने त्या दोन खुणांवरून बोट फिरवलं आणि कागद मला परत दिला. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. मला वाटलं, तिला पटलं.

पावणेदोन वर्षं गेली. भिंगरीचे दोन्ही कान मधून मधून वाहत, मी वाती फिरवी, थेंब घाली. तिला चार-पाच शब्द येत होते, तेही अर्धेमुर्धे, आणि आमच्या बोलीतला एकही नाही. शाळेत घालायच्या आधी सगळ्या मुलांचे कान पुन्हा तपासायचे असतात. नेमकी तेव्हा दवाखान्याच्या फळ्यांना वाळवी लागली म्हणून त्या बदलायचं काम निघालं होतं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “पाण्याच्या टाकीजवळ सिमेंटचा ओटा आहे, तिथेच उरकून घे.”

पहिली मी आमच्याच भिंगरीला घेतली, बाकीच्या पोरांना कसं बसायचं ते कळावं म्हणून. वहिनी ओट्यावर बसली, भिंगरी मांडीवर. सिस्टरांनी समोर लाकडी बदक धरलं. मी मागून डावीकडे गेले, खुळखुळा हलवला. भिंगरी बदकाकडे बघत होती. उजवीकडे गेले. बदकाकडेच. कुजबुजले. काही नाही. चार वेळा केलं. रांगेतल्या बाया बघत होत्या, माझं डोकं तापलं, आणि मी ओरडले, “अगं, वळ की!”

तेव्हा ती वळली. माझ्याकडे बघून हसली.

समोर दवाखान्यात सुतार नव्या फळ्यांवरून चालत होता. कोपऱ्यात त्याचा पत्र्याचा डबा होता, आणि त्याच्या प्रत्येक पावलाला डब्यातले खिळे वाजत होते. मी ते खिळे ऐकत उभी राहिले. मी ओट्यावर पाय आपटला. सिमेंट ढिम्म. भिंगरी बदकाशी खेळत होती. खुळखुळा हलवायला मी डावीकडे जात असे तेव्हा डावी फळी दबत असे, उजवीकडे जाई तेव्हा उजवी. पोर मांडीवर बसून त्या फळीला वळत होती. माझ्या वजनाला वळत होती. खुळखुळा तिने कधी ऐकलाच नव्हता. माझा भोंगा तेवढा तिच्या कानापर्यंत पोचत होता, म्हणून आम्ही सगळे निर्धास्त होतो.

त्या फळ्यांवर मी त्रेसष्ट मुलांच्या कागदांवर खुणा केल्या होत्या. त्या आठवड्यात सगळ्यांना ओट्यावर बसवलं. भिंगरी सोडून आणखी अकरा जण वळले नाहीत. मी अकराही घरांत स्वतः गेले. एका आईने मला पाणी दिलं. एकीने, “तुम्हीच तर म्हणाला होता,” एवढंच म्हणून दार लावून घेतलं. तिचं बरोबर होतं. शाळेतल्या एका मुलाला दोन वर्षं मठ्ठ म्हणून मागे बसवलं होतं, त्याच्या बापाने मला विचारलं, “म्हणजे तो ऐकत नव्हता तो मस्तीने नव्हे?” “मस्तीने नव्हे,” मी म्हणाले. तो मुलाला त्यासाठी मारत असे, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं.

घरी सांगणं सगळ्यांत शेवटी ठेवलं. वहिनीने भावाला सांगितलंच होतं, पण आईशी मला बोलायचं होतं. आई भिंतीजवळच्या तिच्या खुर्चीत बसून सदऱ्याला बटण लावत होती. तेव्हाच तिला दम लागायला सुरुवात झाली होती. टाका घातला की थांबायची. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने दाताने दोरा तोडला.

“मग आता काय करायचं?” ती म्हणाली.

मला रडू फुटलं. माझं रडणंही माझ्या आवाजासारखंच.

“हळू रड,” आई म्हणाली. “मलाच धाप लागते तुझ्या रडण्याने.”

मग तिने टाच उचलली आणि फळीवर दोनदा आपटली, अगदी हळू. आतल्या खोलीतून भिंगरी धावत आली. खुर्चीसमोर उभी राहिली आणि तिनेही आपली टाच दोनदा आपटली. आईने तिचा तळहात आपल्या गळ्यावर ठेवला आणि हाक मारली, ती छोटी, शेवटाला वर उडणारी. भिंगरी डोळे बारीक करून गळ्यावरच्या हाताकडे लक्ष देत होती. हाक संपली तेव्हा हसली आणि परत खेळायला गेली.

“हे कधीपासून?” मी विचारलं.

“झाली दोन वर्षं. तू दुपारी दवाखान्यात असतेस.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं होतं,” आई म्हणाली. “तू कागद दाखवलास.”

तिने हे रागाने म्हटलं असतं तर मी भांडले असते. ती दुसरं बटण शोधत होती.

कानाचे डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा येतात, रस्ता चालू असेल तर. त्यांनी भिंगरीचे कान बघितले. दोन्ही पडद्यांना मोठी भोकं. शस्त्रक्रिया होईल, पण मोठी झाल्यावर, आणि कान कोरडे राहिले तर. तोवर एक मशीन मिळतं, डोक्याला पट्ट्याने बांधायचं. ते कानाच्या भोकातून आवाज न सोडता कानामागच्या हाडातून आत पोचवतं. वाहत्या कानांना तेच चालतं. “अगदी हळू बोललेलंही ऐकू येईल,” डॉक्टर म्हणाले. आईने हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

“माझं बोलणंसुद्धा?”

“तुझं बोलणंसुद्धा.”

“मग येऊ दे. मी आहे.”

अर्ज गेला. एका सहीसाठी परत आला. पुन्हा गेला. मग रस्ता वाहून गेला आणि डॉक्टरांची फेरी चुकली. मी टेलिफोनवर शहरातल्या माणसांशी इतकी भांडले की तिथला कारकून माझा आवाज ओळखू लागला, हॅलो म्हणायच्या आत म्हणायचा, “बाई, पाठवतोय.” इकडे आईच्या छातीत पाणी झालं होतं. दवाखान्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की फार दिवस धरू नका. मी आईला काही सांगितलं नाही. ती मला रोज एकच विचारायची, “आलं का?” आणि मी रोज म्हणायची, “निघालंय.”

भावाला सुचलं की हाक फोनमध्ये भरून ठेवावी. त्याने आईसमोर फोन धरला. आईने फोनकडे बघितलं, मग त्याच्याकडे. दोन सूर निघाले आणि ती थांबली. “समोर ओ देणारं कुणी नसेल तर हाक कशी मारायची?” ती म्हणाली. “बंद कर ते.” भिंगरी त्या वेळी नेमकी बाहेर होती. नंतर करू, असं भाऊ म्हणाला. नंतर आईला बोलताना श्वास पुरेना. आमच्याकडे आहे ते एवढंच, दोन सूर आणि ‘बंद कर ते’.

शेवटच्या आठवड्यात तिला टाचही उचलवत नव्हती. भिंगरी खुर्चीपाशी जमिनीवर बसून राही, आईच्या पावलाशेजारी फळीवर हात सपाट ठेवून. आम्ही जेवायला उचलली तर रडत असे, जेवून परत तिथेच. आई गेली ती सकाळी, खुर्चीतच. भिंगरीला आम्ही हात धरून बाजूला केलं. तिला काय सांगायचं आणि कसं, ते आमच्यापैकी कुणालाच कळत नव्हतं.

मशीन एकोणिसाव्या दिवशी आलं. सोबत एक तरुण मुलगी आली होती, मशीन बसवून देणारी. दीड दिवस गाडीत हाडं खिळखिळी होऊनही हसतमुख. खोलीत आम्ही सगळे होतो. तिने पट्टा भिंगरीच्या डोक्याला बांधला, कानामागे ती छोटी डबी नीट टेकवली आणि बटण दाबलं.

भिंगरीचे डोळे मोठे झाले. तिने आधी छताकडे बघितलं, मग वहिनीकडे. वहिनी तिचं नाव पुटपुटत होती आणि भिंगरीने तिच्या ओठांना बोट लावलं. वहिनीने पदर तोंडात कोंबला. मग त्या मुलीने एक कागद हळूच चुरगळला आणि भिंगरी त्यावर झडपच घालायला धावली. तिने तो कानाशी धरून पुन्हा चुरगळला, मग फाडला, मग तुकडे फाडले. भाऊ हसत होता आणि डोळे पुसत होता. मी एका जागी बसून होते. हल्ली मी घरात बसूनच असते, नाहीतर अनवाणी, हलकी पावलं टाकत चालते.

मग मी हाक मारायचं ठरवलं. आईची, भिंगरीसाठीची. मला सूर ठाऊक होते. पण माझा गळा हळू आवाजासाठी घडलेलाच नाही. शेवटचा सूर वर उडायच्या ऐवजी फाटला. भिंगरीने माझ्याकडे नीट बघितलं, आत्याने काहीतरी केलं म्हणून, आणि पुन्हा कागद घेतला. ती हाक तिने कधी ऐकलीच नव्हती. तिच्यासाठी ते माझ्या तोंडचे नुसते तीन सूर होते. मला कसली आशा होती कुणास ठाऊक.

थोड्या वेळाने तिचा कागद संपला. ती उठली. खोलीत इकडेतिकडे बघत, प्रत्येक आवाजाला थबकत ती आईच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. खुर्ची आम्ही हलवली नव्हती. तिने टाच उचलली आणि फळीवर दोनदा आपटली. या खेपेला ते ठोके तिला ऐकूही आले; ती दचकली, तिने आपल्या पायाकडे बघितलं, आणि पुन्हा टाच आपटली, दोनदा. मग हात पुढे करून, जिथे आईचा गळा असायचा त्या उंचीवर तळहात धरून ती थांबली.

घरात कुणी हललं नाही. ती थांबूनच होती. मला ते बघवेना.

“ओ,” मी म्हणाले. जितक्या हळू मला म्हणता येईल तितक्या हळू. मी तिच्या पाठीमागे होते, चांगली चार हात लांब, जमिनीवर बसलेली, जराही न हलता.

भिंगरी गर्रकन वळली.

“वळली!” ती मशीनवाली मुलगी म्हणाली. “इतक्या हळू आवाजाला! बघितलंत?” तिने कागदावर बरोबरची खूण केली. ती खूण खरी होती.

भिंगरीने माझ्याकडे बघितलं. तू नाही, अशी तिने मान हलवली. मग पुन्हा खुर्चीकडे तोंड केलं आणि टाच उचलली.